ताटली वाजवू नये

बंगळूर, २ जुलै १९९९

ती. आप्पांस,
तनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे एवढंच बोलून ठेवून देता, म्हणून हे पत्र. गेस्टहाउसला पाहुणे कमी झालेत आणि बिल्डरचा माणूस सारखा चकरा मारतो, हे मला शेजारच्या साईनाथकाकांकडून कळावं का?

आप्पा, आपल्याकडे आहे ते वाघोलीत दुसऱ्या कुणाकडे नाही. आईने बाभळीच्या बनात जपलेले मोर! ती ताटली वाजवायची आणि ते धावत यायचे. ती गेल्यापासून तुम्हीही वाजवता, पण पाहुणे उठायच्या आत, चोरून. हा काय कंजूषपणा? ताटली पाहुण्यांच्या हाती द्या. दारात पाटी लावा, की मोर पाहायचे असल्यास ताटली वाजवावी. पाहुणे आले तर बन टिकेल, बन टिकलं तर मोर.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलात तरी लोभ असू द्यावा.
आपली,
तनुजा

वाघोली, ८ ऑगस्ट १९९९

चि. तनुजास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पाटी लावली. जन्मभर पुण्यातल्या पाट्या वाचल्या त्या सगळ्या ‘करू नये’वाल्या. ‘करावे’ म्हणणारी ही पहिलीच असेल.

शनिवार-रविवार तुझ्यासारखी कॉम्प्युटरवाली मंडळी येतात आणि दिवसभर बडवतात. ताटली सापडली नाही तर डबा, डबा नसला तर कुकरचं झाकण. मोर बिचारे येतात. तुझ्या आईची रीत वेगळी होती. सकाळी एकदाच वाजवायची, आणि आधी या गं बायांनो म्हणून हाक मारायची. त्या हाकेशिवाय ते जागचे हलत नसत. आता कुणाचाही आवाज चालतो. मला हे रुचत नाही. पण खोल्या भरल्यात, बिल्डरचा माणूस हात हलवत परत गेला. तेव्हा अक्कल तुझीच, हे मान्य.

लांडोरींमागे पिल्लं आहेत. ती दिसली की तुझी आई, माझी हिरा, घरात आहे असं वाटतं.

जेवणाची हयगय करू नकोस. आमची माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझा आप्पा

बंगळूर, ३० ऑगस्ट १९९९

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

चक्क माझी अक्कल मान्य! ते पत्र मी फ्रेम करून घेणार आहे. आप्पा, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. मोर माणसाळले तर बरंच आहे की. आईला हेच हवं होतं.

दिवाळीला येते. स्वारगेटला उतरले की थेट घरी. आईचं नाव घातलेली, कसब्यातून आणलेली ताटली तेवढी पाहुण्यांपासून लपवून ठेवा. पहिल्या सकाळी ती मी वाजवणार.

असाच जीव लावत राहावं.
तनुजा

वाघोली, ६ ऑक्टोबर १९९९

चि. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगवलं नसतं. आपले मोर गेले.

परवा साईनाथने ज्वारी पेरली. बियाण्याला औषध चोळलेलं होतं. पाखरांनी दाणे टिपू नयेत म्हणून तो पत्र्याचा डबा घेऊन बांधावर बसला. पाखरं हाकलायला सगळेच डबा बडवतात. त्याने बडवला आणि आपले मोर बनातून त्याच्याकडे धावत सुटले. त्याला वाटलं, आवाज कमी पडतोय. तो आणखी जोरात बडवू लागला. मी ओरडत निघालो, पण या गुडघ्याने किती पळणार? मी पोचलो तोवर त्यांनी ओळी उकरल्या होत्या. दुपारपर्यंत सगळे आडवे झाले. पिल्लंसुद्धा.

वनखात्याच्या माणसांनी पंचनामा केला, गाडीत घालून नेलं. साईनाथ माझ्या पायाशी बसून रडत होता. त्याचा काय दोष? तुझा म्हणावा, तर पाटी मी रंगवली. हिरा गेली तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो. परवा रडलो.

एक लांडोर वाचली आहे. आज सकाळी पडवीसमोर येऊन उभी राहिली. शेतात ते दाणे अजून आहेत, आणि डबे काय, कुणीही वाजवील. तिला आता माणसाची भीती शिकवायला हवी. म्हणून खडा मारला. दाणा समजून ती तो टिपायला गेली गं. दुसरा पायाला लागला तेव्हा लंगडत बनात गेली.

पाटी बदलली आहे. ताटली वाजवू नये, असं लिहिलंय. आईची ताटली तिच्या फोटोपाशी ठेवली आहे.

दिवाळीची वाट न पाहता ये. ती उद्या पुन्हा येईल, परवाही येईल. खडा मारायला कुणीतरी हवं. माझा हात आता उचलत नाही.

तुझा आप्पा