भैरवीनंतरचे रीळ

मांडवी, रत्नागिरी
ता. १६ एप्रिल १९२९

चि. विठू यास,

तुझ्या सदूभाऊचे पोटभर आशीर्वाद. तुला ताप येऊन गेल्याचे वाचून काळजी वाटली, आणि पुढच्याच ओळीत तू खाणावळीतल्या भाताला नावे ठेवली आहेस ते वाचून ती गेली. माझी प्रकृती आहे तशीच आहे. कचेरीत नकला करून बोटे दुखतात आणि संध्याकाळी पेटीवर बसलो की दुखायची थांबतात, पण हे साहेबांना सांगून उपयोग नाही. आई बरी आहे. म्हणजे मध्यंतरी दोन दिवस नव्हती, आता आहे, आणि ते कसे हे सांगण्यासाठीच हा कागद घेतला आहे.

तू लागोपाठ तीन पत्रांत एकच विचारतोस, की भागोजीदादाला जाऊन माघात बारा वर्षे पूर्ण झाली, भटजी आता देह न सापडलेल्यांचा तो पालाशविधी करून टाका म्हणतात, तर आई हो म्हणते का आणि रजा टाकू का. (सभांना जाऊन देव नाही असे ऐकून येणारा तू, आईला कुठेतरी शेवट सापडावा म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करायला बसशील, याचे मला खरेच कौतुक वाटते.) उत्तर देतो, पण घाई करू नकोस. लढाईत दादाची बोट बुडाल्याचा कंपनीचा कागद आला, तेव्हा तो वाचून दाखवणाऱ्यालाच आईने घराबाहेर काढले होते हे तुला आठवत असेल. (तो वाचणारा मीच होतो.) तेव्हापासून दादा आपल्या घरात बोटीवरच आहे. सुतक नाही, दिवस नाहीत, श्राद्ध नाही. गेल्या महिन्यात भटजींनी विषय काढला तर त्यांना तिने भांडेभर ताक दिले आणि ते पिऊन होताच छत्री हातात दिली. अशा बाईकडून मी होकार कसा आणणार होतो?

तर झाले असे, की शिमगा उरकल्यावर गावात तंबूचा सिनेमा आला. तंबूवाल्या शेटजींकडे राक्षस, मारामाऱ्या आणि घोड्यांची शर्यत असलेल्या चित्रांबरोबर येशू ख्रिस्ताच्या चरित्राचे एक विलायती चित्रही होते. ते मिशनच्या शाळेतल्या याकोब मास्तरांना कळले आणि त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. तू त्यांना ओळखतोस, आपल्या विहिरीपलीकडे राहतात आणि दर पावसाळ्यात माझ्या पेटीचा भाता दुरुस्त करतात. देवळातल्या पंचांचे, म्हणजे ख्रिस्ती देवळातल्या, म्हणणे पडले की तंबूत विड्या ओढणाऱ्यांपुढे आपला देव कशाला न्यायचा, लोक हसतील. मास्तरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की मांडवीची माणसे हसणार नाहीत, आणि मी त्यांना पहिल्यापासून शेवटापर्यंत सगळे समजावून सांगेन. हसली तर मला वेंगुर्ल्याला पाठवा, असेही म्हणून बसले. चांगल्या माणसांना पैज लावता येत नाही, हे यावरून दिसले.

चित्र मुके, आणि अक्षरे इंग्रजी. तेव्हा ठरले की मास्तर काठी घेऊन पडद्याशेजारी उभे राहून अर्थ सांगणार, त्यांच्या देवळातल्या आठ मुली भजने म्हणणार, आणि मी पेटी व आपला बाबल्या तबला वाजवणार. मास्तरांनी मला एवढेच बजावले की गंभीर वाजवा. मी हो म्हणालो. आता तूच सांग, उभा जन्म नाटकाच्या पदांत गेलेला माणूस गंभीर म्हणून काय वाजवणार? येशू प्रथम पडद्यावर आला तेव्हा माझ्या हातून जे वाजले ते राजाच्या प्रवेशाचे निघाले, बाबल्याने त्यावर एक झकास तिहाई टाकली, आणि उजवीकडे बसलेल्या तीसएक ख्रिस्ती मंडळींच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. पण तेवढ्यात डावीकडे आपल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. कोणी सांगितले नव्हते. पुरुषांनी विड्या विझवल्या. मागून कोणीतरी नारळही फोडला. मास्तर काठी धरून नुसते बघत राहिले, आणि माना परत पडद्याकडे गेल्या.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. समुद्रातल्या वादळाचा देखावा आला तेव्हा भाट्याची खारवी मंडळी खुर्च्यांवर चढली. पडद्यावरच्या त्या शिष्यांना शीड उतरवायचे कळत नव्हते, आणि आमचे लोक ओरडून ओरडून त्यांना सांगत होते. (एकाने तर नाखवा बदला असे सुचवले.) मग येशू उठला, त्याने हात केला, पाणी निजले. आणि मग जे व्हायचे ते झाले. नाटकात पद आवडल्यावर जे करतात ते सगळ्यांनी केले, वन्समोअर मागितला. ख्रिस्ती पंचांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ रागाने उठले की हा चमत्कार आहे, तमाशा नाही. पण शेटजींनी रीळ मागे घेतले होतेच. दुसऱ्यांदा पाणी निजले तेव्हा ते गृहस्थ उभेच होते, आणि पुढचा वन्समोअर आला तो त्यांच्याच तोंडून आला. आयुष्यभर पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी दिसल्यावर माणसाचे काय होते ते मी त्या दिवशी पाहिले.

आमच्यात न ओरडणारा आणि न रडणारा एकच होता, महिपतराव वकील. (तुझ्या पंथाचे. गेली वीस वर्षे ते कोर्टाच्या पायरीवर जगात असे काही घडत नसते हे सांगत आले आहेत.) ते पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते आणि पाच भाकरींचा देखावा कसा केला असेल याची आकृती काढत होते.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. येशूला क्रुसावर चढवले. मुलींचे भजन मध्येच थांबले, कारण त्याच रडायला लागल्या. बाबल्याचाही तबला थांबला, आणि वाजवायला उरलो मी एकटा. माझा हात आपोआप भैरवीवर गेला. जीव ओतून वाजवली, एवढे सांगतो. आणि भैरवी झाली म्हणजे मैफल संपली हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेवटचा सूर थांबताच साडेतीनशे माणसे डोळे पुसत उठली, वहाणा शोधल्या आणि निघून गेली. मास्तर काठी हलवत बसा बसा म्हणत होते, पण असल्या वेळी कोण कोणाचे ऐकतो? शेवटचे रीळ, ज्यात तो थडग्यातून उठतो, ते रिकाम्या चटया-खुर्च्यांसमोर चालले. उजवीकडे ख्रिस्ती मंडळी, आणि डावीकडे एकटे महिपतराव, आकृती पुरी करायला राहिलेले.

दुसरे दिवशी मांडवीवर सुतकी कळा पसरली होती. बायकांनी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतले होते. शेजारच्या गोदाक्काने मासळीवालीला दारातूनच परत पाठवले. एवढा भला माणूस, आईच्या डोळ्यांदेखत मारला, आणि आपण लगेच सुरमई तळायची काय, असे तिचे म्हणणे. तो पुढे उठला असे ख्रिस्ती लोक सांगायला लागले तर सगळे म्हणाले, तुमचाच देव, तुम्ही म्हणणारच. राहिले महिपतराव. ते बिचारे दारोदार सांगत होते, की मी स्वतः पाहिले, धोंड बाजूला झाली, तो बाहेर आला, अगदी चालत. पण वीस वर्षे ज्याने काहीच मानले नाही त्याचे कोण मानणार? कोर्टाच्या बाररूममध्ये त्यांना एकाने लिंबाचे सरबत दिले आणि घरी जाऊन पडा म्हणून सांगितले. पंच मास्तरांवर उखडले होते, की तुम्ही आमच्या देवाला मारून लोकांना घरी पाठवलेत. मास्तर माझ्यावर रागावले असते तर बरे झाले असते.

आणि आई. ती घरी येऊन न्हाली, आणि माजघरात भिंतीला टेकून बसली ती उठेना. स्वतःच्या मुलासाठी जिने एक दिवसाचे सुतक घरात येऊ दिले नाही, ती दोन तासांपुरत्या पाहिलेल्या परक्या माणसाचे धरून बसली. दोन दिवस भाताची शितेही तिने ओठांना लावली नाहीत. मी सांगायला गेलो, आई, तो उठला, पुढे गोष्ट आहे. ती म्हणाली मला समजूत घालू नको, आणि तोंड फिरवले. विठू, मी घाबरलो. भैरवी वाजवून माणसे उठवता येतात, पण बसलेल्या माणसाला कसे उठवायचे ते मला कोणी शिकवलेले नाही.

शेटजींचे सामान लांज्याला निघायचे होते. मी आणि मास्तरांनी त्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवून विनवण्या केल्या. ते म्हणाले, नुसत्या एका रिळासाठी तंबू ठेवतो, पण माणसे भरून आणा. माणसे येतात कुठली? ज्याला त्याला सुतक. सुतकात सिनेमाला जातात काय, असे गोदाक्काने मलाच विचारले. हे बोलणे आपल्याच ओसरीवर चालले होते. आतून आई आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या तिसरा दिवस हाय. तिसऱ्या दिवसाला जायलाच लागतं. आपण नाय गेलो तर त्याच्या मागं हाय कोण?"

राख सावडायला, असे तिच्या मनात. बायका स्मशानात जात नाहीत ही अडचण गोदाक्काने काढली, तर तंबू म्हणजे काही स्मशान नव्हे, असा आईचा निकाल झाला. तिसरे दिवशी दिवेलागणीला आख्खी मांडवी साध्या धडप्यांत, कोणी दुधाची लोटी, कोणी पाण्याचा तांब्या घेऊन तंबूत हजर. शेटजींनी एवढी मुकाट गर्दी उभ्या जन्मात पाहिली नसेल. आणि पडद्यावर काय निघावे? पहाट, आणि तीन बायका हातात भांडी घेऊन थडग्याकडे चाललेल्या. इकडच्या बायकांनी तिकडच्या बायकांकडे पाहिले. गोदाक्का हळूच म्हणाली, ह्याही तिसऱ्या दिवशीच आल्या. मग ती धोंड बाजूला सरलेली दिसली, आत कोणी नव्हते, आणि साडेतीनशे माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कसा होता हे मला लिहिता येत नाही.

माझी पंचाईत निराळीच. भैरवीनंतर काही वाजवत नाहीत. हात पेटीवर ठेवून नुसता बसलो होतो. मग ध्यानात आले की पडद्यावर पहाट आहे, तेव्हा देवाला जागे करायची भूपाळी धरली, साधी, आई पूर्वी जात्यावर म्हणायची ती. बायका गुणगुणू लागल्या, आणि दुसऱ्या कडव्याला उजवीकडच्या आठ मुलींनी त्यात आवाज मिसळला. मास्तर मागाहून मला म्हणाले, "पस्तीस वर्षं मी हे सांगतोय, आणि ऐकणारे माना हलवतात, कारण पुढचं त्यांना माहीत असतं. खरंच माहीत नसलेली माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. त्याचे शिष्य असेच बसले असतील दोन दिवस." पंच आता त्यांना वेंगुर्ल्याला पाठवणार नाहीत.

शेवटी असे होते, की एक बाई बागेत रडत उभी असते, येशू समोर येतो, तिला तो माळी वाटतो, मग ओळख पटते आणि ती त्याचे पाय धरायला धावते. तेव्हा तो जे बोलतो ते मास्तरांनी वाचले, मला धरून ठेवू नको, मला वर बापाकडे जायचे आहे. मांडवीला ते आवडले नाही, भेटला तो भेटला, वर लगेच जातो काय, अशी कुजबुज झाली. तेवढ्यात पुढून आईचा आवाज आला. एवढ्या माणसांत ती आयुष्यात कधी बोललेली नाही. म्हणाली, "मास्तरांनू, तेवढं परत सांगा." मास्तरांनी परत सांगितले. घरी येऊन ती पोटभर जेवली.

बाकी ठीक. खाणावळ बदल.

तुझा,
सदूभाऊ

ता. क. – महिपतराव तिसऱ्या दिवशीही आले होते, पण वही आणली नव्हती. विचारले तर म्हणाले, विसरलो.

ता. क. दुसरा – भैरवीवर हात आपोआप गेला हे मी मास्तरांना सांगितले आहे, तुला मात्र खरे सांगतो. रिळे सात आहेत हे शेटजींनी मला दुपारीच सांगितले होते आणि सहावे चालू आहे हे मला ठाऊक होते. क्रुसाखाली त्याची आई रडत नव्हती, नुसती उभी होती, कंपनीचा कागद वाचला तेव्हा आपली उभी होती तशी. मला ते आणखी पाहवेना, म्हणून मी संपवले. हे मास्तरांना कळवू नकोस.

ता. क. तिसरा – तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. आज सकाळी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भटजींना सांगून ये. विठूला लिव, ये म्हणावं. आता जाऊंदे भागोजीला."