आइस टीच्या बाटलीला हात कुणी लावला

प्रभादेवी,
रविवार दुपार

ती. मालूताईस,

कुंदाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच स्वीकार). तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं बेळगावहून कळलं. आता स्वच्छ दिसतंय म्हणतेस, तर हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच हसतेस, आणि ही हसण्याची गोष्ट नाही.

माझ्या वर्गातली पर्सिस तुला आठवत असेल. शाळेत सिस्टर तिलाच घंटा वाजवायला द्यायच्या, ती. आम्ही चौघी वर्गमैत्रिणी आळीपाळीने एकमेकींकडे जमतो. गेल्या ऑगस्टमध्ये माझी पाळी होती आणि मी आलं घातलेला, उकळता, दुधाचा चहा दिला. पर्सिसने कपाकडे मायेने पाहिलं आणि म्हणाली, "कुंदा, हाऊ होमली." छत्तीस वर्षं बँकेत अर्जांमागचे हेतू वाचले आहेत मी. 'साधंसुधं, घरगुती' म्हणजे काय ते मला कळलं. आठ महिने तो शब्द गिळत होते. काल शनिवारी पुन्हा माझी पाळी होती, आणि त्यांना काचेच्या उंच पेल्यांतून आइस टी द्यायचा असं मी ठरवलं.

आता विचार कर. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, आणि चहा निवू दिला म्हणून यांना मी रोज बोलले. तोच चहा आता मुद्दाम निववायचा. (हे पेपरामागून म्हणाले, "मग मी इतकी वर्षं बरोबरच करत होतो.") पहिल्या दिवशी गरम चहा गाळून तडक फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी माहीमच्या खाडीसारखा गढूळ. नातीला, पूर्वीला, फोन केला. ती म्हणाली, "आजी, उकळायचाच नाही. पावडर थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेव." डाळ भिजवतात तसा चहा भिजवायचा. तरीही भिजवला. गाळून लिंबू, पुदिना, थोडं आलं आणि साखरेचा पाक घातला, सरबताच्या जुन्या बाटलीत भरला आणि कुणी सरबत समजून पिऊ नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये.

इथे माझं चुकलं. आमच्या मोठ्या जाऊबाई, रखमावहिनी, वरळीच्या चाळीच्या जागी नवं घर मिळेपर्यंत आमच्याकडे आहेत. बाई सरळ, पण त्यांच्या मते फ्रिजमधल्या तपकिरी पाण्यावर चिठ्ठी असली की ते औषध. त्यात आलं, पुदिना आणि लिंबाचा वास. त्यांनी बुधवारपासून रोज दोनदा, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, कोमट करून घ्यायला सुरुवात केली. शुक्रवारी मला म्हणतात, "कुंदा गो, तुझो काढो बरो हा. गुडघो हलको झालो." मी धावत फ्रिज उघडला. बाटलीत जेमतेम पाव भाग उरला होता. बाकीचा कुठे गेला? तिसऱ्या मजल्यावरच्या बाबुरावांकडे, त्यांची कंबर धरली होती म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं तोच बेल वाजली. बाबुराव दारात, ताठ उभे, हातात रिकामी बाटली.

पुन्हा भिजवायला चहा पावडर नव्हती (होती ती शेवटची चिमूट यांनी सकाळी प्यायली). शनिवारी सकाळी आणावी म्हटलं, तर लिफ्ट बंद. चार मजले उतरून पुन्हा चढायचं माझ्या गुडघ्यांनी नाकारलं, आणि हे म्हणाले, "सरबत दे की." चार वाजता बाकीच्या तिघी चार मजले चढून आल्या आणि हाशहुश करत सोफ्यावर पडल्या. मी आत पेले पुसत काय सांगावं ते जुळवत होते, तोवर रखमावहिनींनी उरलेला 'काढा' कोमट करून, देवासमोरच्या छोट्या वाट्यांतून, प्रत्येकीच्या हातात दिला. वर बजावलंही, "एका दमात घ्या."

पर्सिसने घेतला. डोळे मिटले. पाय लांब करून पाहिला, आखडून पाहिला. मग वाटी पुढे केली आणि आणखी मागितला. उंच पेले ओट्यावर तसेच राहिले. आठ महिन्यांची तयारी, मालूताई, आणि आइस टी हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडून निघाला नाही. जाताना पर्सिस दारात म्हणाली की असलं काही तिच्या घरात कुणालाच येत नाही, हा कोणाचा काढा? आणि मी, जिला सिस्टरनी खोटं बोलल्याबद्दल एकदाच उभं केलं होतं, ती म्हणाले, "आमच्या आईचा."

तुझी,
कुंदा

ता. क. आई पावसाळ्यात काढा करायची, तेव्हा तू शेजारी उभी असायचीस. त्यात काय काय घालायची ते उलट टपाली कळव. पर्सिस बुधवारी कृती उतरवून घ्यायला येते आहे. चव चहासारखी लागायला हवी, एवढं बघ.

ता. क. २. आत्ता आठवलं, आईचा काढा कडू जहर असायचा. तेव्हा कळवू नकोस.

ता. क. ३. काल संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली, पावडर आणून रात्रभर भिजवली आणि आज दोन बाटल्या भरल्या, दोन्हींत तेच. एकीवर 'काढा' लिहिलं, दुसरीवर ठळक 'आइस टी'. पहिली दुपारपर्यंत अर्धी झाली. दुसरीचं झाकण कुणी उघडलेलं नाही. मीही गुडघ्यासाठी पहिलीतलाच घेते, कोमट करून.