रस्त्याकडच्या भिंतीवर मी

३ नोव्हें., देवळी
मामाजी अखेर हो म्हणाले! मागच्या खोलीतून रस्त्याकडे दार काढायचं. दोन वर्षं मी या सासऱ्यांच्या मागे लागले होते. ब्लाऊजचं माप द्यायला बायकांना समोरच्या खोलीतून, मामाजींच्या पत्ते पिसणाऱ्या मित्रांपुढून यावं लागतं. कोण येईल? शिलाई मशीन नुसतं धूळ खातंय. गजूभाऊ मिस्त्रींना निरोप धाडला.

९ नोव्हें.
मंडळाची पोरं आली. गल्लीतल्या भिंती रंगवणार म्हणे. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर जुनी बियाण्याची जाहिरात, खाली खर्रा-तंबाखूच्या पिचकाऱ्या. मीच म्हटलं, काढा बापा. वाटलं, कोपऱ्यात काहीतरी फूल-पान काढतील. वर्ध्याहून आलेली चित्रकार पोरगी म्हणाली, "काकू, तुम्हीच बसा ना मशीनवर." बसले. मधे तीनदा चहा केला. खोटं कशाला लिहू, मजा आली.

१३ नोव्हें.
भिंतभर मीच! मशीनवर बसलेली, हसणारी. एवढी तर मी लग्नातही हसले नव्हते. मामाजी चारदा बाहेर जाऊन पाहून आले. "आता कोणी थुकत नाई, पाह्य."

१६ नोव्हें.
गजूभाऊ छन्नी-हातोडा घेऊन आले. मामाजींनी फाटकातूनच परत लावले.
"परवा काढलं अन् आज फोडता? गाव काय म्हणन?"
"अन् माह्यं दार?"
"तू तं आता रस्त्यावरच बसून हायेस. अजून काय पाह्यजे तुले?"
मित्र हसले. हेही हसले. रात्री यांच्याशी बोलले तर म्हणे, बाबा एकदा बोलले ते बोलले. जळ्ळं ते चित्र.

२२ नोव्हें.
दुपारी भिंतीपलीकडे बायका माझ्यासोबत फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "हे बाई खरंच शिवते का वं? मले दोन ब्लाऊज टाकाचे हायेत." मी आतून ओरडले, "शिवते, शिवते! समोरून या." आली फाटकापर्यंत. पत्त्यांचा डाव पाहिला आणि "येतो मंग" म्हणून परत गेली. धावत गेले तोवर ऑटोत बसली होती.
खूप रडले. मग चिडले.

३० नोव्हें.
आतून भिंतीला मोजायचा टेप लावला. दाराची जागा बरोबर माझ्या चित्रावर येते. दुसरीकडे सरकवावं तर एका बाजूला संडासाची टाकी, दुसरीकडे विजेचा खांब. चित्रकार पोरीला फोन केला. ती म्हणाली, "फोडा काकू. मी पुन्हा काढून देईन." मी टेप गुंडाळून ठेवला. तेवढं हसू पुन्हा कोणाला जमेल?

२ डिसें.
मामाजी गुरुवारी डोळे दाखवायला वर्ध्याला जाणार. हे सोबत. सकाळची बस, यायला संध्याकाळ.
गजूभाऊंना फोन केला. गुरुवारी या म्हटलं. ते म्हणाले, "येतो ना वहिनी. पण एक सांगजा, वरून सुरू करू का खालून? वरून केलं तं पयले तुमचं तोंडच जाईन."
विचार करून सांगते म्हटलं.

३ डिसें.
बुधवार झाला. अजून सांगितलं नाही.