प्रमाणपत्र माझं, काम तिचं

सोमवार, ३ जून २०२४

मिळालं तिला काम! तिला! माझ्या जावेला!

सहा महिने ऑनलाइन कोर्स केला मी. व्हर्च्युअल असिस्टंट – म्हणजे घरी बसून कुणाची पत्रं, फोन, भेटींच्या वेळा सांभाळायच्या. परीक्षेत एक्याण्णव टक्के. प्रमाणपत्र लॅमिनेट करून फ्रिजशेजारी लावलंय. बेचाळीस ठिकाणी अर्ज केले, उत्तर एकाचं नाही.

आणि श्रीविद्या? सासूबाईंच्या साखरेसाठी कोइंबतूरच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. तिथे तिघींना एकच वेळ दिलेली, नुसता गोंधळ. हिने बसल्या जागी उरलेल्या दोघींचे नंबर मागून घेतले, फोन केले, वेळा बदलून दिल्या. वर मॅडमना कळवलं की झालं. कनकलता मॅडम म्हणाल्या, हे रोज करशील का?

झालं. धंदा सुरू.

बुधवार, ५ जून

सकाळी साडेसहाला जेवणाच्या टेबलावर बसते. मॅडमच्या ईमेलवरची सगळी पत्रं आधी ही उघडते – काहींना स्वतःच उत्तर, काही मॅडमपुढे, उरलेली कचऱ्यात. भेटींच्या वेळा कशावर लिहिते? मुरुगन देवाच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर! आणि ती पानं लिंबाच्या लोणच्याच्या बरणीखाली दाबून ठेवते.

आमच्या कोर्समध्ये यावर अख्खा एक धडा होता. रंगीत तक्ते होते. मला ते सगळे पाठ आहेत. त्यांचं मी काय करू, लोणचं घालू?

शनिवार, ८ जून

आमचे हे – चेतन – म्हणतात, “तूपण विचार की तिला, कसं मिळालं तें.” तिला! मी विचारू!

सोमवार, १० जून

आज तीच आली. “अक्का, एक बाई दोनदां वेळ घेऊन आली नाहीं. तिला राग न येतां कसं लिहायचं? तुम्हांला शिकवलं असेल की.”

शिकवलं होतं. चौथा धडा. नमुना पत्र माझ्या वहीत आहे. मी म्हटलं, “आठवत नाही गं.”

“सरि, असूं दे,” म्हणाली आणि सरळ फोन लावला. अर्धं तमिळ, अर्धं हसणं. दोनदा न आलेली बाई म्हणे आता नवऱ्यालाही घेऊन येणार आहे.

जळते मी. लिहूनच टाकते, या घरात सगळे मराठी बोलतात, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले; देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. पोटात दुखतं माझ्या. ती वाईट असती तर बरं झालं असतं. वाईटही नाही मेली.

गुरुवार, १३ जून

केलं.

श्रीविद्या सासूबाईंना घेऊन पापनाशमला गेली, नणंदेकडे. दुपारी घरात मी एकटी. नवा ईमेल पत्ता काढला, नाव ‘हितचिंतक’. कनकलता मॅडमना लिहिलं: आपल्या सहायक बाईंचं कोणतंही प्रशिक्षण झालेलं नाही. रुग्णांची नावं, वजनं, आजार कॅलेंडरच्या पाठीवर लिहून लोणच्याच्या बरणीखाली ठेवले जातात. हे आपल्याला चालतं का?

खोटं एक अक्षर नाही त्यात. इंग्रजी तर सुरेख.

विषयाच्या जागी लिहिलं – ‘गोपनीय, फक्त मॅडमसाठी’. सातवा धडा: असं लिहिलेलं पत्र सहायकाने उघडायचं नाही, जसंच्या तसं पुढे द्यायचं. एक्याण्णव टक्के उगीच नाही मिळाले मला.

पाठवलं. मग उठून तांदूळ भिजत घातले.

शुक्रवार, १४ जून

काही नाही. घरात नेहमीसारखंच.

रविवार, १६ जून

अजून काही नाही. मॅडमनी वाचलंच नसेल. किंवा वाचून सोडून दिलं. बरं झालं! नाही – बरं कसलं? मग मी लिहिलं कशाला?

आज श्रीविद्येने माझ्या केसांना तेल लावून दिलं. मला नको होतं. नाही म्हणता आलं नाही.

मंगळवार, १८ जून

जेवताना म्हणाली, “मॅडमचा फोन होता. रुग्णांच्या गोष्टी आहेत, शिकलेलं माणूस हवं म्हणतात. मी अक्कांचं नांव दिलें.”

मी खाली बघून भात कालवत राहिले.

सासूबाई चिडल्या. “तुझ्या हातचं काम तूंच देऊन टाकलेंस? खुळी कां तूं?”

“अम्मा, अक्कांनी सहा महिने शिकलें आहे. मी काय शिकलें?” आणि सगळ्यांना रसम वाढत गेली, मलासुद्धा.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. वीस मिनिटं प्रश्न विचारले. मी सगळे धडे घडाघडा म्हणून दाखवले. सोमवारपासून काम माझं!

आनंद झाला. खरंच झाला, इथे का लपवू? स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून हसले. मग बाहेर येऊन तिला “तुला वाईट नाही ना वाटलं?” असंही विचारलं. काय तोंड आहे माझं!

ती म्हणाली, “वाटलें की. दोन दिवस वाटेल.”

शुक्रवार, २१ जून

दोन दिवस ती मला काम समजावते आहे. वही घेऊन मी बसते, ती बोलते. हरिताला सकाळी दहाच्या आधी वजन विचारायचं नाही, ती रडते. मेडिकल कॉलेजजवळच्या आजोबांना मेसेज दिसत नाही, फोनच करायचा, आणि आधी त्यांच्या मांजरीची चौकशी करायची. श्रीहर्ष नावाचा एक मुलगा काय खाल्लं ते खोटं सांगतो, पण बहिणीला विचारलेलं त्याला चालतं.

चौऱ्याऐंशी रुग्ण. एकही नाव तिने कागद बघून सांगितलं नाही. लोणच्याच्या बरणीखालची ती पानं बघायला मागितली, तर त्यावर नुसत्या वेळा होत्या, नावं नाहीत! आजार नाहीत, वजनं नाहीत. म्हणाली, “दुसऱ्याचं दुखणें कागदावर कशाला, अक्का? घरांत चार माणसें येतात.”

म्हणजे मी पत्रात खोटंच लिहिलं. कधी जवळ जाऊन बघितलंच नव्हतं.

हे कुठल्या धड्यात होतं? कुठल्याच नाही.

सांगून टाकावं का तिला? सोमवार जाऊ दे. काम नीट हातात येऊ दे. मग सांगेन.

सोमवार, २४ जून

साडेसहाला टेबलाशी बसले. मॅडमची पत्रपेटी पहिल्यांदा माझ्या हातून उघडली. डाव्या बाजूला श्रीविद्येने केलेले कप्पे – ‘मॅडमपुढे’, ‘उत्तर दिलं’, ‘फोन करायचा’. सगळ्यात खाली एक – ‘घरचं’.

त्यात एकच पत्र. हितचिंतकाचं.

त्याला जोडून तिने मॅडमना लिहिलेलं, मोडक्या इंग्रजीत. शुक्रवार, चौदा जून, सकाळी सहा पन्नास: ‘यावर गोपनीय लिहिलं होतं. असं उघडायचं नसतं हे मला माहीत नव्हतं, क्षमा करा. मी शिकलेली नाही हे खरं आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई शिकलेल्या आहेत आणि त्यांना कामाची फार गरज आहे. त्यांचा नंबर देते. हे पत्र आलं होतं असं त्यांना कळू देऊ नका.’

स्वयंपाकघरातून हाक येते आहे – “अक्का, सगळं सांपडलें कां?”