चौदा वर्षांच्या लॅपटॉपबाबत खुलासा

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू साठीला टेकलास म्हणून मायना बदलणार नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यांचा गुडघा कुरकुरतो, पण फिरणं चालू आहे. तुझं पित्त कसं आहे? तुझी बायको वेळेवर वाढते आणि तू वेळेवर जेवत नाहीस, हे मला इथं बसून कळतं.

आता मुद्दा. तीन महिने आपलं रविवारचं बोलणं बंद आहे, आणि ताई रुसून बसली असं तू यांना फोनवर म्हणालास म्हणे. हे साफ चूक आहे. "ताई, एकदा कान तपासून घे," असं तू म्हणालास आणि मी लॅपटॉपचं झाकण मिटलं, इथपर्यंत खरं. पण पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला मी खुर्चीत होते. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅपच उघडेना. सिस्टिम जुनी झाली, नवी घाला, असं पडद्यावर आलं. नवी घालायला गेले, तर हे मशीन त्या सिस्टिमला चालत नाही, असं उत्तर. तेव्हा दोष मशीनच्या वयाचा आहे. माझे कान उत्तम आहेत. लोक पुटपुटतात. (फोनवर तर सगळेच पुटपुटतात, म्हणून मी फोन घेत नाही. तू दिलेल्या या जुन्या लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर निदान समोरच्याचं तोंड दिसतं.)

चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो लॅपटॉप उलटा करून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. दोनदा विचारल्यावर, "आजी, याची पेन्शन कधीच सुरू झाली, आता नवीन घ्या," असं इतक्या जोरात म्हणाला की दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. पेन्शन मलाही सुरू आहे आणि मी चालत आले आहे, असं सांगून मी मशीन उचललं.

अशा टाकून दिलेल्या मशीनांवर नवी सिस्टिम बसवण्याची युक्ती काही हौशी मंडळींनी शोधून काढली आहे. यांच्या मोबाइलवर ती सापडली. तेवीस पानं छापून आणली. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे आधी सगळं दोनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या, आणि वहीत साहित्य, कृती, निरीक्षण असे रकाने आखले. साहित्य: दोन पेन ड्राइव्ह, एक लॅपटॉप, एक नवरा (दुसऱ्या खोलीत).

सातव्या पानावर गाडं अडलं. मशीनच्या मूळ मालकाचा पासवर्ड हवा होता, आणि मूळ मालक तू. खाली तूच लिहून ठेवलेली खूण दिसत होती: 'ताई नेहमी म्हणते ते'. मी 'वेळ पाळा' घातलं. 'कारण लिही', 'खाडाखोड नको', 'आधी विचार कर' हेही घातलं. मी आयुष्यभर काय काय चांगलं सांगत आले याची त्या निमित्तानं उजळणी झाली, पण कुलूप उघडेना. शेवटी यांना विचारलं, "मी नेहमी काय म्हणते हो?" हे वर्तमानपत्राआडून काहीतरी बोलले. मी म्हटलं, "पुटपुटू नका, नीट सांगा." त्यावर यांनी वर्तमानपत्राची घडी केली, उठून आले आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं: पुटपुटू नको. कुलूप उघडलं. यावर मला काही म्हणायचं नाही. हे मात्र अर्धा तास खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. 'एक मिनिट शिल्लक' हे वाक्य पडद्यावर पन्नास मिनिटं होतं. मी वहीत तशी नोंद केली आणि हात लावला नाही. मधे हे धावत आले की मशीनचा पंखा विमानासारखा घरघरतोय, बंद कर. मला तसं काही आढळलं नाही. चौथ्या तासाला नवी सिस्टिम सुरू झाली. रंग स्वच्छ, अक्षरं ठळक, कॅमेरा चालू.

पहिलं काम म्हणून तू पाठवलेलं तुझ्या निवृत्तीचं भाषण उघडलं. दोन दिवसांत तीनदा पाहिलं. छान झालं. उगाच आवाज चढवला नाहीस, पाल्हाळ लावलं नाहीस, हे विशेष आवडलं. शेवटी चष्मा काढून डोळे पुसलेस, ते टाळता आलं असतं.

तर येत्या रविवारी, दहा वाजता. मुलांना आशीर्वाद, तुझ्या बायकोला माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हे चहा घेऊन आले. मी भाषण चौथ्यांदा लावलं होतं. हे कप ठेवून पडद्याजवळ वाकले आणि (स्पष्ट) म्हणाले, "अगं, याला आवाजच नाही." पान एकोणीस काढलं. 'या मॉडेलवर आवाज चालेलच असं नाही.' ओळ अधोरेखित आहे. माझ्याच हातानं. निरीक्षणाच्या रकान्यात मी 'सर्व ठीक' लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

ता. क. २. यांनी तुझं भाषण मोबाइलवर ऐकलं. चष्मा काढलास त्याच्या आधीची दोन मिनिटं तू माझ्याबद्दल बोलतो आहेस म्हणे. काय ते सांगा म्हटलं तर म्हणतात, तुझं तू ऐक. गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. तुझ्या सांगण्यावरून नव्हे.

ता. क. ३. कानाचं यंत्र हाती येईपर्यंत दोन-तीन रविवार जातील. तोवर खिडकीकडे तोंड करून बस, सावकाश बोल, आणि ती मिशी काढ. तुझा वरचा ओठ मला अजिबात दिसत नाही.