दोन बोटांची जागा

नंदुरबार, १२ डिसेंबर १९३३

दीड महिना वही उघडली नाही. आळस, दुसरे कारण नाही. स्वतःचीच क्षमा मागतो.

आज कचेरीसाठी करीमचाचांनी शिवलेली सहा खोगिरे घोड्यावर चढवून तपासली. पोटाखालच्या पट्ट्यात माझी दोन बोटे सहज गेली. अहवालात इंग्रजीत एकच शब्द लिहिला: ‘लूज’. धुळ्याच्या साहेबांनी तो वाचला की खोगिरे परत, म्हाताऱ्याची तीन महिन्यांची मेहनत वाया.

संध्याकाळी बाजारात चाचा भेटले. पट्टे असे का, विचारले तर हसले. “भाऊसाहेब, घोडं चारा खास, मंग पोट फुगस. दोन बोटं जागा ठेवनीच पडस. तुम्ही जेवाले बठतांना धोतर आवळीसन बांधतस का?” शेजारचा पानवाला खो खो हसला. मीही हसलो, पण...

दोन बोटे. तीच त्यांची कारागिरी, आणि मी तिला दोष ठरवले. मराठीत लिहिले असते तर ठरवावे लागले असते, ढिला म्हणू की सैल? ढिला म्हणजे चूकच. सैल अंगरखा तर आपण मुद्दाम शिवून घेतो. सुटलेल्या घोड्याला मोकळा म्हणतो. ‘लूज’मध्ये हे सगळे मावते, म्हणून मला विचारच करावा लागला नाही. की विचार टाळायलाच इंग्रजी लिहिले? कॉलेजात शिकलो ते यासाठी? आणि अहवालात काय लिहिले ते चाचांना सांगण्याचे धैर्यही झाले नाही.

उद्या: धुळ्याचे टपाल निघण्यापूर्वी अहवाल परत मागून तो शब्द खोडणे. चाचांसमोर.