दिव्याखालचे दाणे

२ तारीख
आलो एकदाच्या! मी, माझी लेक चिमी, दोन बॅगा आणि जिच्याशिवाय बाईसाहेब झोपत नाहीत ती उशी. गोदामाच्या मागेच दोन खोल्या मिळाल्यात, अंगण ओलांडलं की काम. काम म्हणजे शेंगदाण्यांची तपासणी. काळोख्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली दाणे पसरायचे. बुरशीचं विष चढलेला दाणा निळा चमकतो, तो बाजूला काढायचा. इतकं सुंदर दिसतं की मी काम विसरून बघतच बसले. मुकादम हसून म्हणाले, चार दिवसांत कंटाळाल.

५ तारीख
इथे बाजूला काढलेले दाणे फेकत नाहीत. चोळून, खरपूस भाजून कामगारांनाच वाटतात. मी जरा बिचकले, तर मुकादम म्हणाले, अहो, भाजल्यावर कसली बुरशी राहतेय! त्यांची मुलं म्हणे त्यावरच वाढली. एरवी दोन घास भरवताना चिमी माझ्या नाकी नऊ आणते, आज वाटीभर फस्त केले. मीच सोलून भरवले. मला कोण आनंद!

११ तारीख
चिमीला आता दाण्यांशिवाय काहीच नको. दूध थुंकते. डोळे पिवळट वाटतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, काय खाते ते विचारलं. सांगितल्यावर माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, भाजल्याने बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेलं विष तसंच राहतं. यकृत सुजलंय, आता एक दाणाही देऊ नका.
ते दाणे ओळखायचा पगार मी घेते, आणि मीच तिला भरवत होते. घरातले सगळे दाणे जाळले.

१३ तारीख
चिमी जेवत नाही. नुसती दाणे मागते.
मुकादमांना सगळं सांगितलं. म्हणाले, उगाच बभ्रा करू नका. बोलता बोलता ते दिव्याखाली वाकले. दात निळे. जीभ निळी. मी धावत घरी जाऊन चिमीला आणलं, दिव्यापुढे धरलं. नखं, ओठ, पापण्यांच्या कडासुद्धा—
मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. उद्या पहिल्या गाडीने आईकडे जायचं.

१४ तारीख
फाटकाला सकाळपासून कुलूप. भर दुपारी अंगणात कामगारांची मुलं उभी, वाट्या घेऊन. मुकादम म्हणाले, आज वाटप आहे, कुठे निघालात? चिमी माझा हात सोडवून त्यांच्याकडे— कशीबशी उचलून आत आणली. दार लावलंय. खिडक्याही.

संध्याकाळ
वीज गेली. मेणबत्ती नाही. तरी पान दिसतंय. माझ्याच बोटांचा उजेड पडलाय. इतके दिवस मीच तर सोलत होते—
दारावर वाट्या वाजतायत.
चिमी मांडीवर आहे. पोटात अन्नाचा कण नाही पोरीच्या. माझं बोट तोंडात धरून चोखतेय. म्हटलं, बरं झालं, शांत झाली एकदाची.
चिमी, सोड.
सोड ना गं बाळा, आईला दुख